अर्ज मुलीचा, घर आपलं

गेल्या पावसाळ्यात चिंचोटी नाक्यावर मी कामणकडे जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई येऊन उभी राहिली. लेकीचं एम.एस्सी. संपत आलंय, बाहेरच्या देशात शिकायचं म्हणते, एवढं सांगून तिने आवाज खाली केला आणि विचारलं, ‘‘बाई, किती गुंठे विकावे लागतील?’’

त्या प्रश्नाचं मला हसू आलं नाही. आपल्या पट्ट्यात लग्न, दवाखाना, पक्कं घर असे सगळे मोठे खर्च जमिनीनेच भागवले आहेत. महामार्गालगत आणि भिवंडी रस्त्याला जे गाळे उभे राहिले, त्यांच्याखाली कुणाचं ना कुणाचं भाताचं शेत आहे. म्हणून मी तिला तिथेच सांगितलं आणि आज तुम्हा सगळ्या आईबाबांनाही सांगते, की आधी जमिनीचा विचार करू नका. आधी शिष्यवृत्तीचा करा.

शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्याला शाळेत मिळणारे थोडेसे पैसे आठवतात. ही तशी नाही. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाची फी, राहण्याखाण्याचा खर्च आणि विमानाचं तिकीट, सगळं तिच्यातून होतं. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला 125 जणांना मिळते. त्यातल्या 115 जागा अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहेत, बाकीच्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि गुण 60 टक्के हवेत. आदिवासी मुलांसाठी केंद्राची वेगळी योजना आहे. आपल्या जिल्ह्यात डहाणूला आणि जव्हारला आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं आहेत, तिथे जाऊन विचारायला कुणाची ओळख लागत नाही. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. केंद्राच्या योजनेतली एक गोष्ट मात्र मला मुळीच पटत नाही. 2022 पासून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजजीवन हे विषय तिच्यातून वगळले आहेत. आपल्याच माणसांचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलीने त्यामुळे दुसरा दरवाजा शोधायचा. तो असतो, पण शोधायला वेळ लागतो.

हे सगळं मुलांना मोबाइलवर सापडतं. मग आईबाबांनी काय करायचं? मला या प्रश्नावर नेहमी बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार आठवतात. परळच्या चाळीत एका खोलीत राहायचे. मुलाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले, की लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागायचे, तो गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. मुलगा लवकर झोपला की रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवायचे. 1913च्या फेब्रुवारीत ते गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमरावांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. रामजींनी ना ती बोट पाहिली, ना कोलंबिया विद्यापीठाचं नाव मुलाच्या तोंडून ऐकलं. तरी त्या प्रवासातला त्यांचा वाटा मला कुणाहीपेक्षा मोठा वाटतो.

पुढचंही सांगते, कारण नकाराची भीती तुम्हाला फार असते. 1917मध्ये शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनमध्ये सुरू केलेला पुढचा अभ्यास अर्धवट सोडून परत यावं लागलं. तीन वर्षांनी, 1920मध्ये, नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज घेऊन ते पुन्हा गेले. एका वर्षी मुलीला नकार आला, तर आजूबाजूच्यांपासून तोंड लपवायचं कारण नाही. पुढच्या वर्षी तोच अर्ज जास्त चांगला होतो. चेव्हनिंगला तर पदवीनंतर दोन वर्षांच्या कामाचा अनुभवच लागतो. त्यामुळे पदवीनंतर लेक नोकरी करत असेल, एखाद्या पाड्यावर मुलांना शिकवत असेल, तर तिची वर्षं वाया चालली आहेत असं म्हणू नका. तीच वर्षं अर्जात मोजली जातात.

अर्जात निबंध असतात. पुढे होऊन काय केलंस, माणसं कशी जोडलीस, हाच अभ्यासक्रम का, परत येऊन काय करणार, असं विचारतात. इथे आपली मुलं अडतात, आणि दोष त्यांचा नसतो. आपण लहानपणापासून त्यांना शिकवलेलं असतं की बाहेर घरचं काही सांगू नकोस. आई गाळ्यात पॅकिंगला जाते, बाबा वीटभट्टीवर होते, हे लपवायचं. मग मुलगी इंटरनेटवरून कुणाची तरी गुळगुळीत वाक्यं उचलते आणि तिचा अर्ज शंभरांसारखाच होतो. उलट, लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेच्या शेतकरी घरातले राजू केंद्रे 2021मध्ये चेव्हनिंगवर लंडनच्या सोआस संस्थेत शिकायला गेले. घरात कॉलेज पाहिलेले ते पहिले, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. तुम्ही एक संध्याकाळ टीव्ही बंद करून लेकीजवळ बसा. विहिरीचं पाणी कधी आटलं, जमीन कशी गेली, चिंचोटीच्या धबधब्यावर पर्यटकांची गर्दी वाढली तेव्हा रानातली वाट कशी बदलली, तुम्हाला शाळा का सोडावी लागली, हे सांगा. निबंध तिनेच लिहायचा. पण त्यातलं खरं तुमच्याकडे आहे.

‘ती परत आलीच नाही तर?’ ही आईची भीती मी जाणते. चेव्हनिंगची अटच आहे की शिक्षण संपल्यावर निदान दोन वर्षं मायदेशात राहायचं. पण अटीपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा भरवसा वाटतो. जिला मोकळेपणाने जाऊ दिलं, तिला घरी फोन करायला संकोच वाटत नाही.

आता कागदांचं, आणि हे मी कळवळून सांगते. माझ्या माहितीतली एक मुलगी सगळ्या अटींत बसत होती. उत्पन्नाचा दाखला हातात आला तेव्हा शेवटची तारीख उलटून चार दिवस झाले होते. ती दिवसभर काही बोलली नाही. तिच्या वडिलांनी मला विचारलं, ‘‘मी आधी गेलो असतो तर?’’ मला उत्तर देता आलं नाही. जातीचा दाखला, जातवैधता, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, यांतला एकेक कागद महिने खातो. आणि आईचं नाव रेशनकार्डावर सुमन, आधारवर सुमनबाई आणि मुलीच्या दाखल्यावर सुमती असेल, तर ते दुरुस्त करून घेण्यात आणखी दिवस जातात. ही धावपळ वीस वर्षांच्या पोरीवर टाकू नका. ती तिने निबंध लिहायच्या वेळेत करायची नाही, ती आपण करायची.

मुलगी बारावीत असली तरी थांबू नका. येत्या रविवारी पेटीतले सगळे कागद खाली काढा, चटईवर मांडा आणि प्रत्येक कागदावरचं तिचं आणि तुमचं नाव मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे जुळत नाही, त्या कागदाचं काम सोमवारीच सुरू करा.