ट्रॅक्टरच्या ऑइलची पट्टी

गळीत हंगामात ट्रॅक्टर रात्रंदिवस उसाच्या खेपा करतो. डिझेल सगळे बघतात, ऑइलची पट्टी मात्र कुणी ओढत नाही. काट्यापुढच्या रांगेत इंजीन चालू ठेवूनच पट्टी काढणारेही आम्ही पाहिले. ते माप खरे नव्हे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून बंद करावा, दहा-पंधरा मिनिटे ऑइल चेंबरात उतरू द्यावे. पट्टी काढून सुती फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि मग बघावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर त्याच प्रतीचे थोडे थोडे ओतून पुन्हा मापावे; वरच्या खुणेपलीकडे गेले तर क्रँक ते घुसळतो नि फेस होतो.

ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात ते लवकर काळे होतेच. पण न ओतता पातळी वाढली तर 'बरं झालं, वाढलं' म्हणू नका! ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पातळ होऊन डिझेलचा वास मारत असेल तर डिझेल उतरते आहे. अशा वेळी इंजीन चालूच करू नये, मिस्त्रीला बोलवावे. बेअरिंगबरोबर क्रँकही जातो, आणि तोडलेला ऊस फडात पडून वजनाला घटतो तो वेगळाच.