संगणकाचा कारभारी

मुलांनो, निफाड तालुक्यातील लासलगावचा कांदा बाजार तुम्ही पाहिला असेल. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आवारात येऊन रांगेत उभे राहतात. लिलाव होतो, काट्यावर वजन होते, मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. प्रत्येकाला घाई असते. तरीही बाजार चालतो, कारण बाजार समितीची माणसे क्रम लावतात व जागा नेमून देतात.

संगणकातही असाच एक कारभारी असतो. त्याला 'ऑपरेटिंग सिस्टिम' किंवा 'कार्यप्रणाली' म्हणतात. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्या कार्यप्रणालीच होत.

तिचे पहिले काम पाळी लावण्याचे. समजा, तुम्ही पत्र लिहीत आहात आणि गाणेही चालू आहे. कार्यप्रणाली प्रोसेसरला क्षणभर पत्राकडे, क्षणभर गाण्याकडे वळवते. लिलावात एक सौदा पुरा झाल्यावर दुसरा सुरू होतो. इथे मात्र काम अर्धवट थांबवून दुसरे हाती घेतात आणि कोठे थांबलो याची नोंद ठेवतात. हे इतक्या झटपट होते की, दोन्ही कामे एकदम चालल्यासारखी वाटतात.

दुसरे काम जागा देण्याचे. चालू कामे 'रॅम' या स्मृतीत राहतात. ते जणू बाजाराचे आवार. एका कामाने दुसऱ्याच्या जागेत शिरू नये, यावर कार्यप्रणाली लक्ष ठेवते.

तिसरे काम साठवणुकीचे. डिस्क म्हणजे वखार. कोणती फाईल कोठे आहे, ती कोणी उघडावी, याची नोंद तिथे असते. वीज गेली की आवार रिकामे होते. वखारीतला माल मात्र राहतो. हा धडा मी नुकसान सोसून शिकले. एकदा मी प्रश्नपत्रिका टाईप करत होते. शेवटचा प्रश्न उरला होता आणि वीज गेली. मी काहीच 'सेव्ह' केले नव्हते. ती रात्र सारे पुन्हा लिहिण्यात गेली.

चौथे काम कळफलक, पडदा, प्रिंटर यांच्याकडून काम करून घेण्याचे. इथे कधी कोंडी होते. एका कामाने प्रिंटर धरला आहे व त्याला फाईल हवी आहे; दुसऱ्याने फाईल धरली आहे व त्याला प्रिंटर हवा आहे. अरुंद गल्लीत दोन ट्रॅक्टर समोरासमोर यावेत, तसे दोघेही अडतात. यालाच 'डेडलॉक' म्हणतात. एकाला मागे घेतल्याशिवाय वाट मोकळी होत नाही.

लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. तिच्याच आधारे आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने 'बॉस' ही कार्यप्रणाली तयार केली व ती २००७ साली लोकांपुढे आली. तिच्यात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांची सोय आहे. मराठी डावीकडून लिहितात, उर्दू उजवीकडून. पण एकाच पडद्यावर दोघी सुखाने नांदतात. चांगला कारभारी प्रत्येकाला त्याची जागा देतो!

शब्दार्थ
कारभारी – व्यवस्था पाहणारा
खळे – व्यापाऱ्याची कांदा उतरवण्याची जागा
वखार – माल साठवण्याची जागा
कोंडी – अडून राहण्याची स्थिती

स्वाध्याय
१. कार्यप्रणालीची चार कामे कोणती?
२. वीज गेल्यावर प्रश्नपत्रिका का नाहीशी झाली?
३. 'डेडलॉक' म्हणजे काय, ते तुमच्या पाहण्यातील उदाहरण देऊन सांगा.