फ्रीजमध्ये की बाहेर?

महाग इंजेक्शन म्हटलं की ते फ्रीजमध्येच ठेवायचं, असा आपल्याकडे ठाम समज आहे. केमोथेरपीच्या औषधांत तो महागात पडतो. मी रुग्णालयात ही औषधं तयार करते. ऐन मे महिन्यात एका पेशंटचा भाऊ सिस्प्लॅटिनच्या बाटल्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फ घालून घेऊन आला. रात्रभर लॉजच्या फ्रीजमध्ये जपून ठेवल्या होत्या बिचाऱ्याने. एक बाटली उजेडात धरून तिरपी केली, तर तळाशी पिवळसर कण. सिस्प्लॅटिन गारठलं की त्याचे स्फटिक होतात. ते खोलीच्या तापमानाला, उजेडापासून झाकून ठेवायचं असतं. खोक्यावर तसं छापलेलं होतं, पण बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. बाटल्या बाद करून दुसऱ्या मागवल्या. पैसे पुन्हा भावालाच मोजावे लागले. दुकानदाराने एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत होती?

ऑक्झालिप्लॅटिन त्याच कुळातलं. प्लॅटिनम दोन्हींत, नावंही जुळ्या भावांसारखी, पण स्वभाव उलटा. सिस्प्लॅटिनला नॉर्मल सलाईन लागतं, कारण त्यातल्या क्लोराइडमुळेच त्याचा रेणू टिकून राहतो. तेच क्लोराइड ऑक्झालिप्लॅटिनमधलं ऑक्झलेट हुसकावून लावतं आणि औषध बिघडतं. म्हणून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं. चूक झालीच, तर बाटलीकडे बघून कळेल याची खात्री नाही, हे जास्त वाईट. नव्याने लागलेल्या फार्मासिस्टना मी सांगते, पाठांतरावर जाऊ नका. खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी दर वेळी उघडा. पॅक्लिटॅक्सेलला तर साधा पीव्हीसीचा सेटही चालत नाही, प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन त्यातून औषधात उतरतं. त्याला सेट वेगळा आणि ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर हवाच.

दुसरी खोड घाईची. "दुपारी गर्दी होते, सकाळीच सगळं भरून ठेवा ना," असा वॉर्डातून निरोप येतो. शिरेतून द्यायचं अ‍ॅझासिटिडिन विरघळवल्यापासून तासाभरात देऊन संपवावं लागतं. पेशंटचा सीबीसी आलेला नाही, शीर सापडलेली नाही आणि औषध मात्र तयार, याला तयारी म्हणत नाहीत. लेबलवर नुसती तारीख पुरत नाही, वेळही लिहा.

व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत घाला. चुकून मणक्यात दिलं गेलं तर पेशंट जातो. जागतिक आरोग्य संघटनेने पिशवीचा सल्ला २००७ मध्येच दिला आहे. आणि हातमोजे दोन-दोन घाला, कितीही उकडलं तरी.

नातेवाइकांना एक विनंती. औषध घेताना प्रत्येक बाटलीबद्दल दुकानात विचारा: फ्रीजमध्ये की बाहेर? उत्तर बिलावरच लिहून घ्या. आणि खोकं फेकू नका, औषधासोबत आमच्याकडे द्या.