लोकर म्हणजे केसच! घोंगडी, स्वेटर आणि शाल घरी कशी धुवायची?



शिमगा झाला की थंडीचे कपडे पेटीत जातात. गोधड्या, चादरी आपण धुऊन ठेवतो. पण घोंगडीपाशी आलं की हात थांबतो. धुवावी तर बिघडेल ही भीती, न धुवावी तर वास येतो. मग एक तर ती तशीच पेटीत दडपली जाते आणि कसर तिची चाळण करते. नाहीतर कुणीतरी ती पावडर घालून मशीनमध्ये फिरवतं आणि बाहेर येते ती आखडून, पुठ्ठ्यासारखी कडक होऊन. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

हा पाठ आपल्या दोन जिल्ह्यांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा मेंढरांचा मुलूख. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. ती पिंजायची, चरख्यावर तिचं सूत काढायचं ही कामं बहुतेक बायांच्याच हातची. मग सणगर कारागीर ते सूत खड्डामागावर विणतात. एवढ्या हातांतून गेलेली वस्तू एका चुकीच्या धुण्यात वाया जाते. शिवाय आपल्यातले काही गट प्रदर्शनात घोंगडी, जेन, आसनं विकतात. शहरातलं गिऱ्हाईक ती नेतं, गरम पाण्यात बुडवतं आणि मग म्हणतं, 'माल खराब होता.' माल चांगलाच असतो, धुवायचं कसं ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी समजून घेऊ: लोकर म्हणजे काय?

सुती कापड झाडाच्या बोंडातून येतं. लोकर जनावराच्या अंगावरून येते. ती आपल्या केसांसारखीच केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असते. म्हणून एकच गोष्ट पक्की करा: जे आपण आपल्या केसांना करणार नाही, ते लोकरीला करायचं नाही. केस आपण सोड्याने धुतो का? उकळत्या पाण्यात घालतो का? धोपाटण्याने बडवतो का? नाही ना. मग लोकरीलाही ते नको.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे. तंतू ओला आणि गरम असताना चोळला किंवा आपटला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आखडतं, जाड आणि कडक होतं. नमदा बनवताना हेच मुद्दाम करतात. घोंगडीचं मात्र आपल्याला ते होऊ द्यायचं नाही, कारण एकदा आखडलेली लोकर पहिल्यासारखी होत नाही.

कपड्यांच्या पावडरीचंही समजून घ्या. सोडा आणि पावडर क्षारयुक्त असतात, त्याने लोकर कमजोर आणि खरखरीत होते. बऱ्याच पावडरींत दूध, रक्त, अंड्याचे डाग काढणारी एन्झाइमं घातलेली असतात. ती प्रथिनांवर काम करतात. आता लोकरच प्रथिनाची, म्हणजे ती डागाबरोबर लोकरही कुरतडतात. ब्लीचिंग पावडर तर लांबच ठेवा, तिच्यात लोकर अक्षरशः विरघळते.

कापड ओळखा

घरातली प्रत्येक उबदार वस्तू लोकरीची नसते. शाळेच्या गणवेशाचे बरेचसे स्वेटर ॲक्रिलिकचे, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या धाग्याचे असतात. ते साध्या पावडरीने धुतले तरी चालतं आणि त्यांना सहसा कसर लागत नाही.

शंका असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा काढा. चिमट्यात धरून, पोरांपासून लांब, मोकळ्या जागेत पेटवा.

- केस जळल्याचा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख बोटाने चुरली: लोकर.
- धागा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला: ॲक्रिलिक किंवा तसाच कृत्रिम धागा.
- कागद जळल्यासारखा वास आला: सुती.
- वासही केसाचा आणि मणीही झाला: मिश्रण. ते लोकरीसारखंच धुवा.

आपल्याकडे फौजी घरं खूप आहेत. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं तर त्यासाठीच ओळखली जातात. लडाख-काश्मीरच्या पोस्टिंगवरून घरी शाली येतात. खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली घरं देशभर पसरली आहेत, तिकडून गावी येताना गरम कपडे आणतात. त्यात एखादी खरी पश्मिना शाल असू शकते. पश्मिना मेंढीची नसते. लडाखच्या चांगथांग भागातल्या शेळीच्या अंगावर, लांब केसांच्या खाली, थंडीत मऊ लव वाढते, त्या लवेची ती असते. जगात या लोकरीला कश्मिअर म्हणतात, काश्मीरवरूनच ते नाव पडलं. तिचा तंतू १९ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. जत्रेत दोन-तीनशे रुपयांना 'पश्मिना' म्हणून मिळते ती शाल खरी असणं अवघड आहे. धाग्याची परीक्षा करून बघा.

घोंगडी धुण्याची पद्धत

घोंगडी सारखी धुवायची नसते. वर्षातून एकदा पुरे. एरवी झटकायची आणि वाऱ्यावर टाकायची. धुवायला फेब्रुवारी ते मे हे कोरडे दिवस चांगले. पावसाळ्यात ती वेळेत वाळत नाही, कुबट वास धरते.

रिठ्याचं पाणी: १०-१२ रिठे फोडून बिया काढा. टरफलं रात्रभर २ लिटर पाण्यात भिजवा. सकाळी १० मिनिटं उकळा, पूर्ण थंड करा आणि गाळून घ्या. आपल्या दुष्काळी पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा चिकट थर लोकरीवर बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. रिठा नसेल तर केसांचा साधा शाम्पू, एका बादलीला एक-दोन पुड्या.

१. घोंगडी आधी कोरडीच झटका. मऊ ब्रशने माती, काड्या, गवताची कुसळं काढा. निम्मी घाण इथेच जाते आणि पाणी वाचतं.

२. लांबी-रुंदी मोजून लिहून ठेवा. धुतल्यावर परत मोजायची आहे.

३. मोठ्या टबात किंवा स्वच्छ धुतलेल्या हौदात थंड पाणी घ्या, त्यात रिठ्याचं पाणी मिसळा. घोंगडी बुडवून १५-२० मिनिटं ठेवा. रात्रभर भिजत घालू नका.

४. तळहातांनी हळूहळू दाबा आणि सोडा. चोळायचं नाही, आपटायचं नाही, ब्रशने घासायचं नाही.

५. घाण पाणी काढा आणि तितक्याच थंड पाण्याने दोन-तीनदा खळबळा. एक पाणी गार आणि एक गरम असं करू नका. शेवटच्या पाण्यात अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घातला तर साबणाचा राहिलेला क्षार निघतो.

६. पिळू नका. ओली घोंगडी फार जड होते, एकटीने उचलू नका, कंबर धरेल. दोघींनी मिळून उचला, उतरत्या फरशीवर गुंडाळी करून ठेवा आणि पाणी आपोआप निथळू द्या.

नव्या घोंगडीला ताण्यावर चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून ती कडक लागते. पहिल्या धुण्यात खळ सुटते, पाणी गढूळ होतं आणि घोंगडी मऊ पडते. त्याने घाबरायचं कारण नाही.

रिठ्याचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका, माशांना ते बाधतं. झाडाच्या बुडाशी ओता. माणगंगेला पाणी असलं तरी रिठा-शाम्पूचं काम टबातच करा.

स्वेटर आणि शाल

पद्धत हीच, पण हात आणखी हलका. भिजवायला ५-१० मिनिटं पुरे. स्वेटर उलटा करून धुवा. पाण्यातून काढताना दोन्ही हातांवर झेला. खांद्याला धरून उचलला तर पाण्याच्या वजनाने तो लोंबतो आणि तसाच लांब राहतो. मग कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा आणि वरून दाबा, म्हणजे पाणी टॉवेल पिऊन घेईल. भारी भरतकामाची किंवा रंग सुटणारी शाल घरी धुऊ नका. आधी कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग लागला तर थांबा.

वाळवणं

ओली लोकर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. स्वेटर बाजेवर आडवा पसरा. दोरीवर टांगू नका. घोंगडी बाजेवर किंवा दोन-तीन जाड बांबूंवर आडवी टाका आणि मधूनमधून पालटा. पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागू शकतात. घडीच्या आत हात घालून बघा, जरासुद्धा दमट लागली तर पेटीत ठेवू नका.

ऊन कधी द्यायचं? पूर्ण वाळल्यावर तास-दोन तास. कसरीच्या अळ्यांना उजेड सोसत नाही, उन्हात झटकलं की त्या पडतात.

कसर कशी टाळायची?

कसर म्हणजे बारीक पतंगाची अळी. उडणारा पतंग लोकर खात नाही, तो फक्त अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी खाते. तिला घामाची, तेलाची, अन्न सांडलेली लोकर जास्त आवडते. म्हणून मळकी घोंगडी पेटीत ठेवणं म्हणजे अळीला जेवायला बोलावणंच. धुऊन, वाळवून, जुन्या सुती लुगड्यात घट्ट गुंडाळून ठेवा आणि टोकं मोकळी सोडू नका. दर दोन महिन्यांनी उघडून झटका. कसरीला अंधार आणि शांतता लागते, ती तिला मिळू द्यायची नाही.

वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण एकट्या पाल्यावर विसंबू नका. आत शिरलेल्या अळ्या त्याने मरतात असं नाही.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र सावध. त्या विषारी आहेत. लहान मूल गोळी समजून तोंडात घालू शकतं. बाळंतिणीच्या खोलीत आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत, पांघरुणात त्या अजिबात ठेवू नका. काही बाळांना जन्मतः एक दोष असतो, त्यांच्या रक्तातल्या पेशी या गोळ्यांच्या वासानेही फुटतात आणि कावीळ होते. दोष कुठल्या बाळाला आहे हे वरून दिसत नाही.

आखडलीच तर?

फेकू नका. आखडलेली घोंगडी कापली तरी तिचे धागे सहसा सुटत नाहीत. तिची आसनं, बसकरं, पायपुसणी, भांड्याखाली ठेवायच्या चकत्या होतात.

गटाला यात काय आहे?

दोन गोष्टी लगेच करता येतील.

पहिली, विक्रीच्या प्रत्येक वस्तूसोबत धुण्याची चिठ्ठी द्या. चार ओळी पुरेत: 'थंड पाणी. रिठा किंवा शाम्पू. चोळू-पिळू नका, मशीन नको. सावलीत आडवी वाळवा.' चिठ्ठीमुळे तक्रार कमी होते आणि गिऱ्हाइकाला कळतं की या बायांना आपल्या मालाची जाण आहे.

दुसरी, धुऊन देण्याचं काम. गावात पेट्यांतून पडलेल्या घोंगड्या किती आहेत ते मोजा. काम घेताना वहीत लिहा: कुणाची, लांबी-रुंदी किती, भोकं किती, डाग कुठे. मालकिणीची सही घ्या. परत देताना तिच्यासमोर पुन्हा मोजा. दर ठरवताना रिठा, लिंबू, पाणी आणि दोघींची मजुरी सगळं धरा. टँकरचं पाणी असेल तर त्याचे पैसेही धरा. आपली मजुरी सोडून काढलेला दर म्हणजे तोट्याचा धंदा. आणि पहिली घोंगडी गटातल्याच बाईची धुवा, परक्याची नंतर.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीने घरातल्या एका गरम कपड्याचा धागा काढून आणावा. परीक्षा मोकळ्या अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून करा. मग या चार प्रश्नांवर बोला आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा.

१. आपल्या घरातल्या किती वस्तू खऱ्या लोकरीच्या निघाल्या?
२. लोकर गरम पाण्यात का आखडते? एकीने दुसरीला आपल्या शब्दांत सांगावं.
३. पेटीत डांबराच्या गोळ्या असलेल्या घरांत तान्हं बाळ आहे का? असेल तर आजच काय करायचं?
४. गटातली कोणती आजी सूत काढायला शिकवू शकेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तर आम्हाला जरूर कळवा. घोंगडी धुवायला आपण शिकूच. पण सूत काढणारे हात गावागावांतून कमी होत चाललेत. ते आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घेतलं पाहिजे.