विमान कंपनीचा जमाखर्च

जालन्याच्या मोंढ्यात भाव पडला, तर व्यापारी धान्य गोदामात ठेवून थांबू शकतो. विमान कंपनीस ही सोय नाही. चिकलठाण्याहून मुंबईस निघालेल्या विमानातील जे आसन रिकामे गेले, त्याचे मोल विमान सुटताक्षणीच शून्य झाले. हवाई वाहतुकीच्या अर्थकारणाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

विमान भरलेले असो वा अर्धे रिकामे, त्याचे भाडे, वैमानिकांचे वेतन, विमानतळाचे शुल्क आणि बहुतांश इंधन यांवरील खर्च जवळपास तेवढाच येतो. उदाहरणादाखल, ७० आसनांच्या विमानाच्या एका फेरीस २ लाख ८० हजार रुपये लागतात असे धरू. तिकीट ५,००० रुपये असल्यास ५६ प्रवासी मिळताच खर्च भरून निघतो. स्पर्धेमुळे दर ४,००० रुपयांवर आणावा लागला, तर सर्व ७० आसने भरली पाहिजेत. दर ३,५०० रुपये झाला की ८० प्रवासी हवेत. आणि तेवढी आसने तर विमानात नाहीतच! तरीही रिकाम्यापेक्षा स्वस्तात विकलेले आसन बरे, या न्यायाने प्रत्येक कंपनी दर उतरवीत राहते.

१९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सुमारे चार दशके देशांतर्गत मार्गांवर अशी चढाओढ जवळजवळ नव्हती. मे १९९३ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजची उड्डाणे सुरू झाली आणि ती देशातील अग्रगण्य कंपनी बनली. २००७ मध्ये तिने एअर सहारा विकत घेतली. तत्पूर्वी, २००६ मध्ये, इंडिगो या क्षेत्रात उतरली होती. प्रारंभीची अनेक वर्षे एकाच जातीची विमाने वापरल्याने तिचा प्रशिक्षणाचा व सुट्या भागांचा खर्च आटोक्यात राहिला. जेटकडे विविध जातींची विमाने होती, वर कर्जाचा भार. १७ एप्रिल २०१९ रोजी तिची उड्डाणे थांबली. किंगफिशर २०१२ मध्येच बंद पडली होती. गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली.

इंधन हा यातील सर्वांत मोठा खर्च होय. ते वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने राज्यांचा मूल्यवर्धित कर त्यावर लागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड क्षेत्रांसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. विमानांचे भाडे मात्र डॉलरमध्ये द्यावे लागते, आणि तिकीट रुपयांत विकले जाते.

लहान शहरांत हे गणित अधिकच अवघड. 'उडान' योजनेखाली २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. ती चालविणारी ट्रूजेट कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली. विमानसेवेच्या मागणीचा ठराव करताना धावपट्टीइतकाच विचार, आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीट काढणारे प्रवासी किती, याचाही करावा लागतो.

जुन्या जालन्यातील प्रवाशास चिकलठाणा विमानतळ सुमारे ५० किलोमीटर पडतो. तेथे वेळेआधी पोहोचणे आणि मुंबईत उतरल्यावर शहरात जाणे धरले, तर तासाभराच्या उड्डाणाचे चार-पाच तास होतात. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईसाठी सुरू झालेली व २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविलेली वंदे भारत गाडी हेच अंतर सुमारे सात तासांत तोडते, आणि तिचे स्थानक गावातच आहे.