अंगण आधी, गाडी नंतर

कॅम्पर व्हॅन घेऊन कोकणात जायचं ठरलं, की सगळी चर्चा गाडीभोवती फिरू लागते. पलंग आडवा की उभा, फ्रिज किती लिटरचा, छतावर तंबू बसेल का. मला विचाराल तर गाडी सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी नकाशा आणि पंचांग समोर घ्यावं आणि रात्री गाडी कुणाच्या अंगणात उभी राहणार हे पक्कं करावं. अमेरिकेत किंवा युरोपात वीज, पाणी आणि मैला रिकामा करायची सोय असलेले कॅम्प जागोजागी असतात. आपल्याकडे राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ साली आलं, तरी रेवसपासून रेडीपर्यंत तशी साखळी अजून उभी राहिलेली नाही. पर्यटन महामंडळाची हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर, तारकर्ली इथली निवासं आहेत, तिथे आधी फोन करून विचारावं. बाकी सगळीकडे ही सोय एकच माणूस करू शकतो, तो म्हणजे घरगुती निवास चालवणारा गावकरी. त्याच्या घरापुढचं सारवलेलं खळं, नाहीतर घराशेजारची मोकळी जागा, हाच तुमचा कॅम्प.

फोनवर बोलताना ‘पार्किंग आहे का’ एवढंच विचारलं तर ‘आहे की, या’ असं उत्तर येतं, आणि ते मोटारीच्या हिशोबाने असतं. कोकणातल्या आळ्या दोन्ही बाजूंनी जांभ्याच्या गडग्यांमध्ये दाबलेल्या असतात. समोरून रिक्षा आली तरी कुणालातरी मागे जावं लागतं. म्हणून नेमकं विचारा. एसटी किंवा टेम्पो दारापर्यंत येतो का? बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, किती रुंदीची गाडी आत जाते? वाटेत केबलच्या आणि विजेच्या तारा किती खाली लोंबतात? गाडी आत वळवता येते की उलटी बाहेर काढायची? सोळा अँपियरचा प्लग बाहेर मिळेल का, त्याला अर्थिंग आहे का? रात्री शौचालय उघडं असेल का? विहिरीचं पाणी गोडं आहे की मचूळ? ‘टेम्पो येतो’ असं उत्तर आलं तर निम्मं काम झालं. पैशांचंही आधीच बोलून घ्या. खोली घेतली नाही म्हणून फुकट राहायची अपेक्षा धरू नये. वीज, पाणी आणि न्हाणीघर वापरणार असाल तर खोलीच्या भाड्याच्या निम्मी रक्कम द्यायला हरकत नसावी, आणि जेवण त्यांच्याकडेच घ्यावं. रात्रीची ताटं किती, शाकाहारी किती, हे घरच्या वहिनींना सकाळीच कळवायचं. मासळी बाजारातून यायची असते, आयत्या वेळी सांगून ती ताटात येत नाही.

असं अंगण मिळणार नसेल आणि उघड्यावरच थांबायचं असेल, तर अंधार पडण्याआधी गावात जाऊन पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा. किनारपट्टीवर सागरी पोलिसांची गस्त असते. ओळख सांगून ठेवलेली असली की रात्री दोन वाजता काचेवर टकटक होत नाही.

मोसमाचं गणित सोपं आहे. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरात पत्र्याची गाडी तापून निघते, आणि मार्चपासून हवेतला दमटपणा इतका वाढतो की रात्रीही अंगाला चादर चिकटते. मे महिन्यात आंबा असतो हे खरं, पण तेव्हा आंबा खायला जावं आणि पंख्याखाली, घरात झोपावं. हिवाळ्यातलाही नाताळ ते नववर्ष हा आठवडा सोडून द्या, कारण तेव्हा अंगणंसुद्धा भरलेली असतात. मालवणकडे जाणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी आहे ते पाहा. तिची तारीख ठरलेल्या तिथीला येत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवसांत मसुरे परिसरातले रस्ते माणसांनी आणि गाड्यांनी तुंबतात.

गाडी उभी कशी करायची, हे मात्र सावकाश समजून घ्यावं, कारण झोप त्यावरच अवलंबून आहे. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो. रात्र चढली की जमीन समुद्राआधी थंड होते आणि पहाटेपर्यंत वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो. म्हणून गाडीचा सरकता दरवाजा पश्चिमेला आणि समोरासमोरची एक खिडकी पूर्वेला येईल अशी गाडी लावा. दोन्हींना डासांची जाळी हवी. छतात बाहेर हवा फेकणारा पंखा असेल तर त्याच्यासाठी खालची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर तो नुसता आवाज करतो. सावली हवीच, पण माडाखाली गाडी लावू नका. नारळ सोडा, सुकलेली झावळ वरून सुटली तरी सोलर पॅनेलची काच जाते. माडाचा मालकही हेच सांगेल. आंब्याची किंवा फणसाची सावली उत्तम, फक्त हापूसच्या कलमांत मोहोराच्या दिवसांत फवारणी चालते, तेव्हा त्या बागेत मुक्काम नको.

किनाऱ्यालगतच्या दाट वाडीपेक्षा मला सडा जास्त आवडतो. रत्नागिरी, राजापूर, देवगड या भागात समुद्रापासून थोडं वर आलं की जांभ्याची उघडी पठारं लागतात. जमीन सपाट आणि टणक, वारा मोकळा, डास कमी, आणि रात्री आकाश पूर्ण उघडं. चाक रुतायची भीती नाही. पण सडा म्हणजे सरकारी माळरान असा समज करून घेऊ नका. बहुतेक जमीन खासगी किंवा सामाईक असते, त्यामुळे विचारल्याशिवाय थांबू नये. दुसरं म्हणजे याच कातळावर कोकणातली कातळशिल्पं आहेत. कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, उक्षी, जांभरूण, रुंढे तळी अशी त्यांची गावं. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कशेळीची हत्तीची आकृती सुमारे अठरा मीटर लांब आहे. एवढं मोठं चित्रसुद्धा तिरप्या उन्हाशिवाय चटकन दिसत नाही, मग अंधारात गाडी घालणाऱ्याला कुठून दिसणार? सड्यावर मळलेली चाकोरी सोडून चाक उतरवायचं नाही.

आता पंचांगाचा उपयोग. किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा अंदाज आहे, अचूक वेळेसाठी त्या बंदराचं भरतीचं कोष्टक पाहावं, पण सहलीचा आराखडा आखायला तो पुरतो.

वाळूत गाड्या बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच गणित असतं. पौर्णिमेला किंवा अमावास्येला संध्याकाळी पाच-सहाला पाणी सगळ्यात दूर गेलेलं असतं. वाळूची पुळण रुंद, कडक आणि मोकळी दिसते. गाडी खाली घेतली जाते, सूर्यास्त होतो, जेवणं होतात आणि रात्री साडेअकराला मोठी, उधाणाची भरती गाडीखाली पोचते. तेव्हा दोन-तीन टनांची गाडी ओल्या वाळूतून निघत नाही. तसंही किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. वेळास, आंजर्ले आणि आणखी कितीतरी पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळासला या कामाला सुरुवात केली. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. किनाऱ्यालगत गाडीचा पांढरा दिवा रात्रभर जळत ठेवला, तर समुद्राऐवजी ती तुमच्याकडे येतील. पुळणीकडची बाजू अंधारी ठेवा, पडदे ओढा. सुरूच्या बनातही परवानगीशिवाय गाडी घालू नका, बरीच बनं वनखात्याची असतात.

हीच तिथी खाड्या ओलांडतानाही लागते. सागरी मार्गावर मोठ्या पुलांची कामं निघाली आहेत, पण आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या फेरीबोटींनी गाडीसकट खाडी ओलांडण्याची मजा पुलावर नाही. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे, ती २०२० पासून चालते. फेरीत चढताना कॅम्पर व्हॅनचा अडसर असतो तिची शेपटी. मागच्या चाकांपलीकडे बॉडी बरीच बाहेर आलेली असते, आणि खाली सांडपाण्याची टाकी लटकत असते. पाणी खूप उतरलं की धक्का आणि बोटीची फळी यांच्यात कोन पडतो आणि टाकी घासते. उधाणाच्या दिवशी सगळ्यात खालचं पाणी संध्याकाळी पाच-सहाला, नेमकं शेवटच्या फेऱ्यांच्या वेळी, येतं. उलट अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार मुळातच कमी. त्यामुळे शक्यतो फेरी दुपारी अकरा ते दोनमध्ये धरावी, कुठल्याही तिथीला ती सोयीची जाते. बोटीवरच्या माणसाला गाडीची लांबी आधी सांगा. तो तिरकं चढवायला सांगेल तेव्हा तिरकंच चढवा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

विजेचा हिशोब कागदावर करून बघा. शंभर अँपियर-तासांची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट. गाडीतला छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला अर्धा युनिट घेतो, उकाड्यात थोडा जास्त. पंखा, दिवे, मोबाइल मिळून आणखी पाव ते अर्धा. म्हणजे एक दिवस निघतो, आणि दोनशे वॉटचं पॅनेल उन्हात असेल तर दुसराही. पण एसी? रात्रभर चालवायला चार-पाच युनिट लागतात. ‘बॅटरीवर एसी’ असं जाहिरातीत वाचलं तर किती तास, हे विचारावं. एसी हवा असेल तर अंगणातला सोळा अँपियरचा प्लगच हवा, आणि त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची, पंधरा-वीस मीटरची स्वतःची वायर. ती गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तापते.

पाणी माणशी दिवसाला पंधरा-वीस लिटर धरा, आंघोळ यजमानांच्या न्हाणीघरात. टाकी गच्च भरून घाट उतरू नका, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो वजन. वाटेत भरता येतं. पिण्याचं वेगळं ठेवा. कॅसेट शौचालय, म्हणजे काढता येणाऱ्या टाकीचं, असेल तर ते फक्त घरातल्या शौचालयातच रिकामं करायचं. सेप्टिक टँक तीव्र रसायनांनी बिघडतो, म्हणून जैविक द्रव वापरा आणि यजमानांना विचारूनच ओता. ही गोष्ट बोलायला लाजणारे लोक मग ती रात्री गटारात ओततात आणि पुढच्या प्रवाशासाठी गावाचं दार बंद होतं. गॅसचा पाच किलोचा सिलिंडर पुरतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, तेव्हा जमिनीलगत हवा जायला छिद्र आहे ना ते बघा. मासे बाहेर तळा. आतल्या गादीला लागलेला वास घरापर्यंत सोबत येतो.

आता गाडी. वरचं सगळं ठरल्यावर उत्तर जवळजवळ आपोआप येतं. सहा मीटरच्या आतली, ट्रॅव्हलर किंवा विंगरच्या वर्गातली. त्यापेक्षा मोठी गाडी महामार्गावर शोभते, पण गुहागरच्या अरुंद पाखाडीत नाही. भाड्याने स्वतः चालवायला घेत असाल तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असली पाहिजेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. उंची स्वतः टेपने मोजा, वरच्या पॅनेलसकट, आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तळकोकणापर्यंत धावू नये. पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर, दोन रात्री. मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याची फेरी, वेळास आणि केळशी बघत आंजर्ल्याला किंवा दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे पट्ट्यात दोन रात्री. हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव बघायचा, पण गाडी वर लावून चालत खाली उतरायचं. पुढे दाभोळची फेरी, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, आणि तवसाळहून जयगड. शेवटचा मुक्काम मालगुंड-गणपतीपुळे. केशवसुतांचं घर मालगुंडलाच आहे. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटरच्या पुढे आखू नका. सागरी मार्गावर तासाला पंचवीस-तीसचा वेग म्हणजे चांगला. डिझेल मोठ्या गावातच भरून घ्यावं. गोव्यापर्यंत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: तिथे पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्याने मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीत एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड ठरवला होता; आता तो किती आहे, ते निघण्याआधी पाहावं.

परतताना गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी आणि मग आंबा घाट धरावा. चढाला एसी बंद, फ्रिज रिकामा, पाण्याची टाकी निम्म्यावर. कॅसेट शेवटच्या अंगणातच धुऊन घ्या, घरी सोसायटीत ती कुठे ओतायची हा प्रश्न उरत नाही. आणि शहरात शिरल्यावर पहिल्या वॉशिंग सेंटरला गाडी रॅम्पवर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवा. चासी, ब्रेकच्या नळ्या आणि टाकीचे पट्टे आधी. भाड्याची गाडी असली तरी धुवा, मालक अनामत परत देताना आधी वाकून तेच बघतो.