चपलेतली गादी नेमकी कुठे बसवावी?

झाडूकाम, बिगारीकाम, घरकाम, दिवसभर उभे राहून भाजी विकणे. अशी कामे करणाऱ्यांच्या चवड्याखाली अनेकदा घट्टा पडतो. चालताना खडा रुतल्यासारखे दुखते. मग आपण फोमचा तुकडा कापतो आणि नेमका घट्ट्याखाली चिकटवतो. दोन दिवस बरे वाटते, पुढे दुखणे वाढते. असे का होते?

घट्टा ही त्या जागी जास्त भार येत असल्याची खूण आहे. तिथेच उंचवटा दिला तर भार आणखी वाढतो. म्हणून पायाच्या मापाने इनसोल बनवताना दुखऱ्या जागेचा भार शेजारच्या निरोगी जागेवर वाटून देतात.

१) चवडा दुखत असेल तर : दुखऱ्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावून चपलेत उभे राहा. आतल्या तळावर डाग उमटेल. गादी त्या डागावर लावू नये. डागाच्या लगेच मागे, टाचेच्या बाजूला लावावी. सुरुवातीला पातळ गादी घ्यावी.

२) टाच दुखत असेल तर : टाचेखाली मऊ गादी आणि तळव्याच्या कमानीला आधार, असे दोन्ही लागते. टाचेची गादी दोन्ही चपलांत सारखी ठेवावी. एकाच पायात ठेवली तर कंबर दुखू लागते.

३) घट्टा ब्लेडने कापू नये. कुरूपावर लावायची औषधी पट्टी मधुमेह्यांनी वापरू नये. तिच्यातील आम्लाने चांगली कातडीही जळते.

पाय बधिर असेल तर

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तळवा बधिर झाला असेल, तर घरी कोणतीही गादी चिकटवू नका. गादीची कड रुतली तरी कळत नाही. जखम होते, चिघळते आणि कधी बोट, कधी पाय काढावा लागतो.

अशांसाठी एमसीआर चप्पल असते. आतला तळ मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा, बाहेरचा टणक, मागे पट्टा आणि कुठेही खिळा नाही. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना ती सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळते. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. मापाचे इनसोल मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत बनवून मिळतात.

नवी चप्पल घालताना

पहिल्या दिवशी एकच तास घाला, मग पाय तपासा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने चाचपून एखादी जागा गरम लागते का ते पाहा. अर्ध्या तासातही ती निवली नाही, तर चप्पल परत दाखवून गादी सरकवून घ्यावी. वेळ रोज थोडा थोडा वाढवावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला नवी कोरी चप्पल घालून निघू नये. विहारात चप्पल बाहेर काढतो, तेव्हा उन्हाने तापलेल्या फरशीवर बधिर पाय ठेवू नका. 

रोज रात्री घरातल्या मधुमेही माणसाचे तळवे उजेडात पाहा. चपलेत हात फिरवून खडा, टाचणी आहे का बघा. गादी दबून सपाट झाली असेल तर बदला. पाच मिनिटांचे हे काम घरातल्या शाळकरी मुलांनाही शिकवता येते.